सणाचे ताट आणि आमचे पाकग्रंथ

पाकशास्त्रावरील ग्रंथांची गणना वाङ्मयात करावी किंवा नाही, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. कादंबरीच्या गुणदोषांचा खल करण्यात पानेच्या पाने खर्ची पडतात. परंतु ज्या पुस्तकावर हळदीचे डाग पडलेले असतात आणि जे आईकडून लेकीकडे जाते, त्याचे परीक्षण करण्याचे क्वचितच कोणास सुचते. वस्तुतः समाजाच्या रुचीवर इतका नित्य परिणाम करणारा ग्रंथ विरळा. म्हणून त्यात काय आले आहे याबरोबरच, त्यात काय मावू शकले नाही हेही पाहणे अवश्य आहे. सणाच्या जेवणापुरता, आणि तोही वऱ्हाडच्या उत्तर टोकास असलेल्या धारणीच्या मुलखाच्या अनुरोधाने, हा विचार येथे करावयाचा आहे.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली वाचकांच्या हाती आली. यांपैकी शेवटच्या ग्रंथाचा गुण मोठा आहे. ‘अंदाजाने घालावे’ या गूढ आज्ञेच्या जागी बाईंनी वाटी आणि चमचा आणला, आणि सासर-माहेरापासून दूर बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलींना आधार दिला. हे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु छापील शब्द केवळ कृती सांगून थांबत नाही; सणाला काय शोभते, हेही तो ठरवू लागतो. याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील सारा जोसेफा हेल या बाईंनी ‘नॉर्थवुड’ या 1827 सालच्या कादंबरीत आभारदिनाच्या मेजवानीचे वर्णन करून भाजलेल्या टर्की पक्ष्यास ताटात अग्रपूजेचा मान दिला. पुढे आपल्या मासिकातून त्यांनी या राष्ट्रीय सणाचा सतत पुरस्कार केला, आणि 1863 साली अध्यक्ष लिंकन यांनी तशी घोषणा केली. पक्षी सर्वत्र एकच झाला खरा. परंतु त्याच्याबरोबर वाढावयाचे सारण प्रांतोप्रांती निराळेच राहिले. दक्षिणेत मक्याच्या पावाचे, ईशान्येच्या किनाऱ्यावर कालवांचे, मिनेसोटाकडे तळ्यांत उगवणाऱ्या रानतांदळाचे. देशाचे ऐक्य पक्ष्याने दाखविले आणि भूमीची खूण सारणाने राखली.

आमच्याकडे तो मान पुरणपोळीचा. होळीला ती हवी, पोळ्याला बैलाच्या मुखीही तीच. मात्र भूमीची खूण पाहावयाची तर वऱ्हाडात रोडग्याकडे वळले पाहिजे. जाडसर कणकेच्या लाट्या तेल लावून एकावर एक रचावयाच्या, त्यांचा गोळा वळावयाचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजावयाचा. मग राख झटकून, फोडून, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर तूप घालून खावयाचा. नवस फेडताना गावजेवणाला हाच. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरात सुरू होते, तेथे मातीच्या हंडीत शिजलेले मटण आणि रोडगे यांसाठी लांबून लोक येतात. ही कृती ग्रंथात लिहिता येणार नाही असे नाही. परंतु तिचे प्रमाण वाटीचे नसून पंगतीचे आहे, आणि तिची चूल माजघरात नसून शेतात अथवा देवळापुढे पेटते. चार माणसांसाठी लिहिलेली कृती येथे अपुरी पडते, कारण हा पदार्थ चार माणसांसाठी करावयाचा नसतोच.

तेथून परतवाड्यावरून मेळघाटाचे घाट चढून धारणीकडे गेले म्हणजे पाकग्रंथाची खरी कसोटी लागते. येथील कोरकू समाजाचा मोठा सण होळी. ढोलाच्या तालावर अनेक दिवस तो चालतो आणि रस्त्यावर फगवा मागितला जातो. याच दिवसांत मोहाची फुले पहाटे गळू लागतात, आणि ती वेचणे हे घरोघरचे काम असते. कोदो, सावा, कुटकी ही येथील जुनी धान्ये. कुटकीचे कठीण टरफल काढण्यास बायकांचे किती कष्ट पडतात, हे भाताप्रमाणे ती सहज ताटात घेणाऱ्यास कळावयाचे नाही.

आता गंमत अशी की, हीच कुटकी वरई या नावाने अमरावती-अकोल्याच्या घरांत एकादशीस पवित्र मानली जाते आणि पाकग्रंथांच्या उपवासाच्या प्रकरणात तिला सन्मानाने जागा मिळते. एकच दाणा, घाटाखाली तो व्रताचा, घाटावर मात्र गरिबीचा! धान्यात भेद नाही, भेद त्याला जागा देणाऱ्या दृष्टीत आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा शहरात या धान्याचे कौतुक झाले. परंतु ज्या मुलखाचे नाव 1993 साली बालमृत्यूंमुळे देशभर गाजले, तेथील आईला आपल्या डोंगरच्या धान्याची लाज वाटू लागली, तर शहरातले कौतुक तिच्या लेकराच्या पोटात जात नाही. रुचीचा प्रश्न येथे पोषणाचा होतो.

असा आक्षेप येईल की, गृहिणीला स्वयंपाक शिकविणाऱ्या पुस्तकाकडून मानववंशशास्त्राची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आक्षेप अंशतः खरा आहे. ओगलेबाईंनी जे करावयाचे ठरविले ते उत्तम केले. दोष त्यांचा नाही. त्यांच्यामागून त्याच साच्यात ग्रंथ काढणाऱ्यांचा आहे. पदार्थ कोणत्या ऋतूत, कोणत्या जमिनीत पिकलेल्या धान्याचा, किती माणसांच्या हातांनी आणि कोणासाठी होतो, एवढे चार शब्द कृतीच्या माथ्यावर लिहिण्यास पान वाढत नाही. वऱ्हाडच्या सणांचा असा ग्रंथ कोणी मनावर घेतला, तर त्याने पुरणपोळीपासून खुशाल आरंभ करावा. पण धारणीची कुटकी उपवासाच्या प्रकरणातून काढून होळीच्या ताटाशेजारी मांडावी, आणि ती शिजविणाऱ्या बाईस विचारून मगच कृती लिहावी.