माइनक्राफ्टमधील बांधकाम आणि अंकगणिताचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ठोकळे रचून घर, पूल, किल्ला उभारण्याचा 'माइनक्राफ्ट' हा स्वीडनमध्ये निर्माण झालेला संगणकीय खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये त्याची निर्माती कंपनी विकत घेतली व २०१६ मध्ये खेळाची शैक्षणिक आवृत्ती काढली. या बांधकामातून मुले अंकगणित आपोआप शिकतात, असे त्याचे समर्थक मानतात. त्यातील 'आपोआप' हा शब्द कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळातील संख्या :
वस्तू हाताळून संख्याबोध घडविण्याची कल्पना नवी नाही. फ्रोबेलचे लाकडी ठोकळे आणि माँटेसरीचे मणी हे तिचेच आविष्कार होत. माइनक्राफ्टमध्येही संख्या वस्तूंतूनच भेटते. एका ओंडक्यापासून चार फळ्या होतात आणि एका कप्प्यात चौसष्ट फळ्या राहतात; म्हणजे सोळा ओंडक्यांत एक कप्पा भरतो. १९५७ पूर्वीचा सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया ज्यांनी हाताळला, त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. साध्या पेटीत असे २७ कप्पे असतात. तिच्यात मावणाऱ्या १,७२८ ठोकळ्यांतून बारा ठोकळे बाजूचा भरीव घन नेमका उभा राहतो. गुणाकार आणि घनफळ यांची अशी सांगड फळ्यावरील उदाहरणात क्वचितच आढळते.

कुंपणाचे उदाहरण :
तथापि या माध्यमाची खरी कसोटी वेगळ्या ठिकाणी लागते. खेळात ठोकळ्याची बाजू एक मीटर मानली जाते. दहा मीटर बाजूच्या चौरस अंगणाला एक ठोकळा उंचीचे कुंपण घालायचे आहे. परिमिती ४० मीटर, म्हणून ४० ठोकळे, असे उत्तर मूल देईल. प्रत्यक्षात अंगणाच्या आतील कडेने ३६ ठोकळेच लागतात, कारण कोपऱ्यातील प्रत्येक ठोकळा दोन बाजूंना सामाईक असतो. बाहेरून कुंपण घातल्यास ४० ठोकळ्यांनी चारही बाजू झाकल्या जातात. पण कोपरे उघडे राहतात व ते भरण्यास एकूण ४४ लागतात. येथे सूत्र चुकलेले नाही. परिमिती ही जाडी नसलेल्या रेषेची लांबी आहे; ठोकळा मात्र जागा व्यापतो. लांबी मोजणे आणि वस्तू मोजणे यांतील हा भेद प्राथमिक गणितात महत्त्वाचा आहे.

परंतु खेळ हा भेद स्पष्ट करीत नाही. चार ठोकळे उरले तर ते झोळीत पडून राहतात, कमी पडले तर मूल आणखी खणून आणते. सर्जनशील प्रकारात तर ठोकळे अमर्याद असल्याने मोजण्याची गरजच नाहीशी होते. कुंपण पुरे होते. गणित मात्र घडतेच असे नाही.

निष्कर्ष :
चूक दृश्य करणे हे या खेळाचे सामर्थ्य, तर तिच्याविषयी मौन ही त्याची मर्यादा होय. हे मौन शिक्षकानेच मोडावे लागते. बांधण्यापूर्वी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा, ठोकळे मोजून द्यावेत आणि उरलेल्या चारांचे कारण विचारावे. नंतर वीस मीटरच्या अंगणासाठी तोच प्रश्न विचारल्यास ७६, ८० व ८४ ही उत्तरे येतात. बाजू दुप्पट होऊनही चाराचा फरक कायम राहतो, हे ज्या मुलाच्या लक्षात येते ते अंकगणिताकडून बीजगणिताकडे वळलेले असते. तेथवर त्याला नेणारा प्रश्न खेळात नाही. तो शिक्षकापाशीच असावा लागतो.