भोळ्या गिऱ्हाइकाच्या शोधात

जून महिन्यात इंग्लंडमधल्या कुठल्याही अलॉटमेंटच्या कडेला एल्डरच्या झुडपांवर पांढऱ्या फुलांचे पसरट झुबके दिसतात. ती फुलं, साखर, लिंबू, जरासं व्हिनेगर आणि पाणी, एवढंच साहित्य. फुलांवरचं यीस्टच काम करतं. काही दिवसांत फेस धरतो, आणि बाटली फार घट्ट बंद केली तर ती फुटतेसुद्धा. बागकामाची हौस असलेले लोक याला सर्रास 'एल्डरफ्लावर शॅम्पेन' म्हणतात. घरात काय वाटेल ते म्हणा, कोणी विचारत नाही. लेबल लावून विकायला निघालात की मात्र १९९३ चा एक निकाल आडवा येतो.

'तेतांजे विरुद्ध ऑलबेव्ह' हा तो निकाल. जीआय, म्हणजे भौगोलिक नावांचं संरक्षण, हा विषय निघाला की त्याचा उल्लेख होतोच, आणि बहुतेक वेळा गंमत म्हणून: फ्रान्सची बडी शॅम्पेन घराणी एका फुलांच्या सरबताला घाबरली! पण निकाल नीट वाचला तर त्यात गमतीपेक्षा जास्त काहीतरी आहे. म्हणून तो इथे एखाद्या कथेसारखा वाचू या. कारण त्यात एक पात्र आहे.

सरे परगण्यात लेदरहेडजवळ एक छोटा उत्पादक 'एल्डरफ्लावर शॅम्पेन' बनवत होता. त्यात दारूचा थेंब नव्हता. बाटली मात्र शॅम्पेनसारखी, बुचाला तार बांधलेली. किंमत २ पौंड ४५ पेन्स. शॅम्पेनवाले कोर्टात गेले. आता, अडीच पौंडांत खरी शॅम्पेन मिळते असं कोणाला वाटेल? खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी तसा माणूस कल्पनेतून उभा केला: साधा, जगाचा फारसा अनुभव नसलेला, घरात काहीतरी कार्य असलेला. शॅम्पेन म्हणजे आनंदाच्या प्रसंगी प्यायची गोष्ट, एवढंच त्याला ठाऊक. ही बाटली पाहून त्याला वाटेल, चला, परवडणारी सापडली एकदाची.

मला हे पात्र आवडतं, पण पटत नाही. त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, मान नाही. गंमत म्हणजे न्यायाधीशांनाही तो पूर्ण पटला नसावा. फसवणूक होऊ शकते, पण त्यामुळे शॅम्पेनवाल्यांचं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही, असं म्हणून त्यांनी दावा फेटाळला. अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. तिथला युक्तिवाद वेगळाच आहे: आज एल्डरफ्लावर, उद्या आणखी काही, अशी सूट देत गेलं तर 'शॅम्पेन' या शब्दाची धार हळूहळू बोथट होईल, आणि हेच नुकसान.

इथे निकालाचा सांधा दिसतो. पहिला मुद्दा गिऱ्हाइकाचा, दुसरा नावाच्या मालकाचा. आत शिरायला भोळा माणूस लागतो, कारण इंग्लिश कायद्यात 'पासिंग ऑफ' सिद्ध करायचं तर कोणीतरी फसायला हवं. एकदा आत शिरलं की त्याचं काम संपतं, आणि पुढे सगळी काळजी शब्दाची. हे आधीही झालं होतं. 'स्पॅनिश शॅम्पेन'च्या प्रकरणात १९५८ मध्ये ओल्ड बेलीत ज्यूरीने, म्हणजे साध्यासुध्या माणसांनीच, विक्रेत्यांना निर्दोष सोडलं. मग शॅम्पेनवाले दिवाणी कोर्टात गेले आणि १९६० मध्ये ज्यूरी नसलेल्या न्यायाधीशासमोर जिंकले. खऱ्या गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा उत्तर एक, कल्पनेतल्या गिऱ्हाइकाला विचारलं तेव्हा दुसरं.

माझ्या मते शब्दाची धार राखणं हे कारण खोटं नाही. फक्त ते उघडपणे मांडायला हवं होतं. नाव ही सामाईक मिळकत आहे, तिची मशागत कोणीतरी केलेली असते. यॉर्कशरच्या रूबार्बचं बघा. वेकफील्ड, मॉर्ली, रॉथवेल या पट्ट्यात मुळं आधी उघड्यावर वाढवून थंडी खाऊ देतात, मग काळोख्या शेडमध्ये आणतात आणि मेणबत्तीच्या उजेडात खुडतात. २०१० पासून त्या नावाला संरक्षण आहे. बालदी पालथी घालून परसातही रूबार्ब असा वाढवता येतो, चवीलाही छान लागतो, पण त्याला ते नाव लावून बाजारात बसता येत नाही. हे मला रास्त वाटतं.

स्टिल्टन चीजचं तसं नाही. नियमानुसार ते डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत बनतं. स्टिल्टन हे गाव केंब्रिजशरमध्ये! ग्रेट नॉर्थ रोडवरच्या या गावात प्रवाशांना हे चीज विकलं जायचं, म्हणून नाव पडलं. गावाने आपल्यालाही सामील करा म्हणून अर्ज केला, तो नाकारला गेला. शिवाय दूध पाश्चराइज केलेलंच हवं. त्यामुळे कच्च्या दुधाचं चीज नॉटिंगहॅमशरमध्येच बनूनही त्याला 'स्टिचेल्टन' हे नाव घ्यावं लागलं. म्हणजे नियम कधी लिहिला आणि तेव्हा टेबलाशी कोण बसलं होतं, यावर 'परंपरा' ठरते.

आता आपल्याकडे या. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. (नाव मात्र पोर्तुगीज अफोन्सोवरून आलेलं मानतात. ते कोणत्याही गावाचं नाही.) आणि इथे इंग्लंडच्या कोर्टाला कल्पनेतून उभा करावा लागलेला माणूस अगदी खराखुरा भेटतो. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरला तर वाशीच्या मार्केटमधून बाहेर पडेपर्यंत कितीजणांना कळेल? कोकणातून नेलेल्या कलमांचा मालावीतला आंबा तर ऐन थंडीत 'हापूस' म्हणून येतो. तोच वाण, तेच नाव, फक्त कातळ आणि खारा वारा नाही. आंब्याची पेटी म्हणजे एल्डरफ्लावरची बाटली नव्हे. इथे नावाचीच किंमत मोजली जाते, आणि चव घेईपर्यंत पैसे गेलेले असतात.

फरक आहे तो पाठीशी कोण आहे यात. शॅम्पेनमध्ये द्राक्षं पिकवणारे शेतकरी आणि ती विकत घेणारी बडी घराणी यांची एकच संघटना आहे, आणि तिच्याकडे जगभर वकील लावायला पैसा आहे. कोकणातल्या बागायतदाराने आधी स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची, मग आपल्याच नावाने विकणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, तेही मोहोर गळतोय की टिकतोय या काळजीतून वेळ काढून. त्यातून भारतातली नोंदणी ब्रिटनमध्ये आपोआप लागू होत नाही. इथल्या दुकानातल्या पेटीवर 'अल्फान्सो, भारताचं उत्पादन' एवढं छापलं तरी भागतं. जिल्हा कोणी विचारत नाही.

समजा उद्या देवगडचा एखादा बागायतदार लंडनच्या कोर्टात उभा राहिलाच. त्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतील: नावाला इथे पत आहे, फसवणूक झाली, नुकसान झालं. पत दाखवणं सोपं आहे, मे महिन्यात साउथॉलला चक्कर मारली की पुरे. नुकसानासाठी तेतांजेचा निकालच कामाला येईल. अडचण मधल्या मुद्द्याची. त्यासाठी साक्षीदार हवा: देवगडचे पैसे देऊन भलताच आंबा खाल्लेला, आणि खाताना फरक न कळलेला मराठी माणूस. असे ढिगाने असतील. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर, हे कबूल कोण करणार?