अपारंपरिक सुरक्षा आणि सार्क : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पूर, भूकंप, साथीचे रोग व अन्नटंचाई या संकटांचा प्रतिकार लष्करी सामर्थ्याने होत नाही. म्हणून त्यांचा समावेश अपारंपरिक सुरक्षेच्या प्रश्नांत केला जातो. हे प्रश्न अराजकीय असल्याने शेजारी राष्ट्रे त्यांवर सहज एकत्र येतील, असे गृहीतक दक्षिण आशियाविषयक चर्चेत अनेकदा आढळते. सार्कच्या अनुभवावर मात्र ते टिकत नाही.

विवेचन :
8 डिसेंबर 1985 रोजी ढाका येथे स्वीकारलेल्या सार्कच्या सनदेतील दहाव्या कलमानुसार निर्णय एकमताने घ्यावयाचे असून द्विपक्षीय व विवाद्य विषय चर्चेतून वगळलेले आहेत. भारत-पाकिस्तान वादापासून संघटनेला दूर ठेवण्याच्या दृष्टीने ही तरतूद उपयुक्त होती. परंतु या प्रदेशातील प्रमुख नदीकरार द्विपक्षीयच असल्याने पुराचे मूळ कारणही तिच्यामुळे चर्चेबाहेर राहते.

2006 मध्ये नवी दिल्ली येथे सार्कचे आपत्ती व्यवस्थापन केंद्र स्थापन झाले. त्यानंतर 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा पूरनियंत्रक बांध फुटला आणि बिहार व नेपाळमधील लाखो लोक बेघर झाले. बांध नेपाळच्या भूमीवर, तर त्याच्या देखभालीची जबाबदारी 1954 च्या कोसी करारान्वये भारताकडे होती. साहजिकच उत्तरदायित्वाचा प्रश्न या दोन देशांपुरता मर्यादित राहिला.

कोविड-19 च्या साथीत 15 मार्च 2020 रोजी सार्क देशांच्या नेत्यांची दूरदृश्य बैठक झाली. भारताने आपत्कालीन निधीसाठी 1 कोटी डॉलर देऊ केले. मात्र निधीचे नियंत्रण सार्क सचिवालयाकडे असावे, या पाकिस्तानच्या आग्रहामुळे आरोग्याच्या प्रश्नातही राजकारण शिरले.

द्विपक्षीय मदत अधिक जलद असते, असा प्रतिवाद केला जातो. 2015 च्या नेपाळ भूकंपातील बचावकार्य पाहता त्यात तथ्य आहे. तथापि बचाव ही आपत्तीनंतरची कृती होय. पूर्वसूचनेसाठी माहितीची अखंड देवाणघेवाण लागते व ती तात्कालिक सद्भावनेवर अवलंबून ठेवता येत नाही.

निष्कर्ष :
2014 च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद भरू शकलेली नाही. अशा स्थितीत नव्या घोषणांपेक्षा पर्जन्यमान, नदीची पातळी व रोगप्रसार यांविषयीची तांत्रिक माहिती दहाव्या कलमाच्या कक्षेबाहेर काढणे अधिक व्यवहार्य ठरेल. संकटे अराजकीय असली, तरी त्यांच्या निवारणाची यंत्रणा राजकीय निर्णयातूनच उभी राहते, हे मान्य केल्याशिवाय सहकार्य कागदाबाहेर येणार नाही.