‘राजी’मधले खांब आणि चकत्या

पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम २०२० मध्ये आला. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यात देखणेपणाची वाखाणणी सर्वांत जास्त होती, आणि ती रास्तच होती. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे बुरूज आणि झरोके, भिंतींवर रंगवलेल्या देवकथा, कथेचे दुवे जोडायला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी जमवण्याचा प्रयत्न फसला, तरी या मंडळींनी काम पुरे केले, याचेही कौतुक झाले. माझा प्रश्न या कौतुकाच्या पलीकडचा आहे. हा सगळा परिसर पाहायला मिळतो. तो वापरायला मिळतो का?

साहसी खेळाच्या समीक्षेत हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारावासा वाटतो. बंद दार, पलीकडे वाट, हातात काही नाही. मग खेळणारा आजूबाजूला पाहतो. तिथे जे असेल त्यानेच त्याने अडचण सोडवली, तर ती जागा त्याला कळली असे म्हणता येते.

राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे. रक्षाबंधनाच्या सणात असुर हल्ला करतात, मुलांना पळवतात, आणि राजी भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून पाहत असतात, आपसात बोलत असतात. त्रिशूळ तिला दुर्गेकडून मिळतो. वाटेत तिला एकात एक बसवलेल्या गोल चकत्या लागतात. त्या फिरवून मोडलेले चित्र जुळवायचे, की बहीण-भावाची एखादी जुनी आठवण उलगडते. भावनेच्या अंगाने ही कल्पना गोड आहे. पण कोडे म्हणून पाहिले तर चकतीपाशी पोचताच किल्ला संपतो. भिंतीची उंची, पाण्याची खोली, वारा, ऊन, दगड यांपैकी कशाचाही उत्तराशी संबंध उरत नाही. ती चकती उचलून दुसऱ्या खेळातल्या अंतराळयानात ठेवली तरी चालेल. चित्र तेवढे बदलावे लागेल.

याउलट एक जुना खेळ आठवतो. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या फीमध्ये शिकण्यापेक्षा खेळणेच जास्त केले, त्यांना जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) सांगायला नको. त्या तळघरात काही फरशा सुट्या असतात. जागच्या जागी उडी मारली की सुटी फरशी खडखडते. तिच्यावर पाय पडला की ती कोसळते. आणि कोसळलेली फरशी नेमकी खालच्या कळीवर पडली, तर कळ दाबलेलीच राहते आणि फाटक पुन्हा बंद होत नाही. ज्या फरशीने जीव जायचा तीच उपयोगी पडते. चित्रे आजच्या मानाने अगदीच साधी, पण त्या तळघराची प्रत्येक फरशी मला अजून पायाखाली आठवते.

२०१७ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने हीच गोष्ट फार मोठ्या मैदानावर नेली. वादळात विजा चमकू लागल्या की अंगावरचे लोखंड उतरवून ठेवावे लागते. गवत पेटवले की वर चढणाऱ्या हवेवर छत्रीसारखे पंख उघडून उडता येते. पावसात कडा निसरडा होतो, मग थांबायचे किंवा दुसरी वाट शोधायची. विजेचा मार्ग तुटलेला असेल तिथे नेमून दिलेला ठोकळा सापडला नाही, तर आपली लोखंडी तलवार आडवी टाकली तरी प्रवाह सुरू होतो. निर्मात्यांनी प्रत्येक कोड्याचे एकच उत्तर ठरवण्याऐवजी पदार्थांचे स्वभाव ठरवले आणि बाकीचे खेळणाऱ्यावर सोडले.

मी भिलाईत राहतो, म्हणून कदाचित हे मला जास्त भावत असेल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावाचे जगणे लोखंडाच्या स्वभावावर चालले आहे. ओले भंगार वितळलेल्या पोलादात पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो, ही माहिती आमच्या सेक्टरमधल्या घरांत जेवताना ऐकायला मिळते. माझ्या भाचीने ‘झेल्डा’तले तलवारीचे कोडे पाहिले आणि सहज म्हणाली, ‘‘मामा, लोहा आहे तर करंट जाणारच ना!’’ तिचे मराठी असे, अर्धे घरातले अर्धे शाळेतले. तिला खेळाचे नियम शिकावे लागले नाहीत, कारण ते तिच्या गावात आधीपासून होते. ‘राजी’ खेळताना तिने विचारलेला प्रश्न वेगळा होता : ‘‘कॅमेरा घुमत का नाही?’’ तो फिरत नाही, कारण दृश्य कोठून पाहायचे हे निर्मात्यांनी ठरवून टाकले आहे. चौकट सुरेख दिसते. पण मान वळवायची मुभा नसेल तर परिसरात शोधायचे तरी काय?

एवढे म्हटल्यावर खांबांविषयी लिहिलेच पाहिजे, कारण ‘राजी’चे खरे यश तिथे आहे. चकतीपाशी हरवलेला किल्ला लढाईत परत येतो. राजी भिंतीवर धावत जाते आणि उलटी झेप घेऊन वार करते. खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवती जमलेल्या असुरांना झोडपते. अंगणात खांब कुठे आहेत आणि भिंत किती दूर आहे, हे पाहिल्याशिवाय लढताच येत नाही. शिवाय हे तिच्या पेशाला धरून आहे. कसरत करणारी मुलगी संकटात खांबच शोधणार. मला ते पाहताना मल्लखांब आठवला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे चैतन्य दिले असे आपण मराठी लोक अभिमानाने सांगतो, त्या खेळावर आज आमच्या छत्तीसगढची मुले थक्क करतात. अबूझमाड मल्लखांब अकादमीने २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकले तेव्हा इथे आनंद झाला होता. ‘राजी’च्या निर्मात्यांच्या मनात मल्लखांब असो वा नसो, खांब आणि देह यांचे ते नाते खेळात उतरले आहे. मग प्रश्न असा पडतो की लढाईत जे सुचले ते कोड्यात का सुचले नाही? ज्या मुलीला खांब दिसताच चढावेसे वाटते, तिला चकतीपुढे नुसते उभे का करायचे?

साहित्य वाचणाऱ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. प्रादेशिक कादंबरीबद्दल आपण हेच भांडत आलो. बोलीचे चार शब्द, एखादी जत्रा, भाकरीचा वास एवढ्यावर प्रदेश उभा राहतो का? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ पडतो आणि माणसे गाव सोडून जातात, तिथला माळ वगळून ती कथा सांगताच येत नाही. ‘राजी’तल्या रंगवलेल्या भिंती मात्र वगळता येतात. त्यांच्यापुढे थांबले की देवांच्या तोंडून कथा ऐकू येते, ती संपली की पुढे जायचे. ती कथा लक्षात ठेवली म्हणून पुढे कुठले दार उघडत नाही. मूळ आवृत्तीत हे सारे इंग्रजीतून बोलले जाते, हिंदी आवाज नंतरच्या सुधारित आवृत्तीत आले. पण कुठल्याही भाषेत ऐकले तरी भिंतीचे काम तेवढेच राहते. ज्या दंतकथेत दैत्याला ना घरात ना बाहेर, म्हणजे उंबऱ्यावर मारावे लागते, त्या दंतकथेच्या देशातल्या खेळाला उंबरा, खांब आणि संध्याकाळची वेळ यांवरून एक कोडे रचणे अवघड नव्हते. सामान सगळे भिंतीवरच होते.

पोलादाच्या गावावर कोणी खेळ केलेला मला अजून दिसलेला नाही. केला तर त्याने चिमण्या आणि रात्री लाल होणारे आकाश दाखवण्याआधी रुळापासून सुरुवात करावी. भिलाईचे रूळ देशभर जातात. दुपारच्या उन्हात लोखंड ताणते, पहाटे आखडते. त्यावर एक दार नक्की उघडता येईल, आणि ते उघडायला खेळणाऱ्याला दुपारपर्यंत थांबावे लागेल.