'कायझेन' : एका शब्दाचा अर्थप्रवास

व्यवस्थापनाचे ज्ञान परसंस्कृतीतून आणावयाचे तर तिची संज्ञाही आणावी, असा समज अधिकाऱ्यांसाठी चालणाऱ्या शिक्षणवर्गांत रूढ झालेला दिसतो. मासाआकी इमाई यांच्या 'कायझेन' (१९८६) या इंग्रजी ग्रंथाने तो दृढ केला. या ग्रंथाची व्यावहारिक उपयुक्तता मान्य करूनही त्यातील मध्यवर्ती शब्दाची योजना भाषाभ्यासकास तपासून घ्यावी लागते.

'कायझेन' हा जपानीतील नित्याचा शब्द आहे. 'बदल' व 'चांगले' या अर्थांच्या दोन चिन्हांनी तो लिहितात, आणि लहानमोठ्या कोणत्याही सुधारणेस तो लावता येतो. इमाई त्यास 'सर्वांनी मिळून सतत करावयाची क्रमशः सुधारणा' असा अर्थ देतात व नवशोधाच्या झेपेशी त्याचा विरोध कल्पितात. संज्ञा घडविताना असा अर्थसंकोच क्षम्यच होय. आक्षेप आहे तो याला, की हा घडविलेला अर्थ वाचकापुढे जपानी संस्कृतीचा मूळ स्वभाव म्हणून उभा राहतो.

इतिहासाची साक्ष निराळी आहे. १९५० साली डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांना संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण शिकविले व कंपन्यांच्या प्रमुखांपुढेही व्याख्याने दिली. १९५४ साली जुरान यांनी व्यवस्थापकांसाठी वर्ग घेतले. नियंत्रण-आलेखाची मूळ कल्पना अमेरिकेतील श्यूहार्ट यांची. पुढे १९६२ साली फोरमन वर्गासाठी 'गेम्बा तो क्यूसी' हे नियतकालिक निघाले. 'गेम्बा' म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, 'तो' म्हणजे 'आणि'; 'क्यूसी' ही इंग्रजी आद्याक्षरे. परकी संज्ञा तशीच राहिली, श्रोता मात्र बदलला. अधिकाऱ्यांपुढील विद्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या भाषेत उतरली, आणि तेथेच ती रुजली.

इमाई डेमिंग व जुरान यांचा उल्लेख करतात. तथापि ग्रंथनामातील एकाकी जपानी शब्द ही देवघेव झाकून टाकतो. त्याचा परिणाम आपल्याकडेही आढळतो. पुणे परिसरातील कारखान्यांत 'कायझेन' आता मोजता येणारे नाम झाले आहे : कामगाराने भरून द्यावयाचा एक कागद, ज्याची महिनाअखेर संख्या मोजावी. निरंतर क्रियेचे नाव अशा रीतीने वस्तूचे नाव झाले.

म्हणून अशा वर्गांचे मूल्यमापन करताना किती संज्ञा शिकविल्या, हे विचारणे अपुरे आहे. वर्गातून परतलेला अधिकारी फोरमनशी कोणत्या भाषेत बोलतो, आणि फोरमनचे उत्तर त्यास कळते काय, हे तपासले पाहिजे.