बाजार भरला, हिशेब राहिला

मागे पडलेल्या मुलांना वर्गाबरोबर आणायचे असेल, तर त्यांना खेळातून, नाट्यीकरणातून आणि हातांनी करण्याच्या कामातून शिकवावे, या विचाराला आता फारसा कोणी विरोध करीत नाही. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर महाराष्ट्रात २०२१ साली १ जुलैपासून ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ राबवण्यात आला. त्यानंतरच्या उजळणीच्या वर्गांतही कृती, भूमिका आणि प्रकल्प हे शब्द वारंवार ऐकू येतात. आम्ही या विचाराच्या बाजूचेच आहोत, आणि म्हणूनच त्याच्या नावावर प्रत्यक्षात काय चालते याची चिकित्सा करणे आम्हांला आवश्यक वाटते.

सर्वांत लोकप्रिय उदाहरण घेऊ: शाळेत भरणारा बाजार. बाल आनंद मेळाव्याच्या दिवशी मुले घरून मेथी, लिंबे, भेळ, चिक्की आणतात. पटांगणात दुकाने मांडली जातात, पालक खरेदीला येतात, फोटो निघतात आणि एकूण किती रुपयांची उलाढाल झाली ते फळ्यावर लिहिले जाते. मुले आनंदात असतात, यात शंका नाही. पण एखाद्या दुकानापाशी पंधरा मिनिटे उभे राहून पाहावे. पैशांचा डबा कोणाकडे आहे? वही कोण लिहितो? बहुधा ज्याला गणित आधीच येते तो. ज्याला वजाबाकी जमत नाही तो मोठ्याने गिऱ्हाइकांना बोलावत असतो. मुले आपसांत कामे वाटून घेतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा तोच मुलगा हिशेबापासून सर्वांत दूर राहतो.

पण समजा, डबा त्याच्याच हाती दिला. तरी प्रश्न सुटतो का? याविषयी दोन अभ्यास प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावेत असे आहेत. ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिना कराहेर, डेव्हिड कराहेर आणि ॲनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची परीक्षा घेतली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष विक्री करताना मुलांनी सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून घातले तेव्हा हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले आणि नुसती आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३७ टक्क्यांवर.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा हा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बाजारातली मुले तोंडी व्यवहार झटपट करीत, पण शाळेतल्या पद्धतीची साधी उदाहरणे त्यांना अडत. उलट, जवळच्या शाळांतली, विक्रीचा अनुभव नसलेली मुले अशी साधी उदाहरणे अधिक अचूक सोडवीत. मात्र बाजारातल्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवलेला एक व्यवहारी हिशेब शाळेतल्या जेमतेम एक टक्का मुलांना सुटला.

म्हणजे बाजार आणि वही यांच्यामध्ये नदी आहे. बाजार भरवला म्हणून वहीतले गणित आपोआप येत नाही, आणि वहीतले गणित आले म्हणून बाजार जमतो असेही नाही. पूल बांधावा लागतो, आणि तो बांधणे हे शिक्षकाचे काम आहे. आमचा आक्षेप आहे तो या पुलाशिवायच्या बाजाराला.

पूल म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहू. मेथीची जुडी १२ रुपयांना. गिऱ्हाइकाने तीन जुड्या घेतल्या आणि ५० रुपयांची नोट दिली. मुलगी पुटपुटते, “बारा, चोवीस, छत्तीस. छत्तीसला चार दिले की चाळीस, वर दहा म्हणजे पन्नास. चौदा परत.” उत्तर अचूक आहे. तिलाच ५० – ३६ ही वजाबाकी उभी मांडून दिली, तर अनेकदा उत्तर येते २६. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून ती सहातून शून्य वजा करते आणि पाचातून तीन. मोठ्यातून लहान वजा करायचे, एवढाच नियम तिच्या मनात बसलेला असतो.

बाजाराचा खरा उपयोग येथे आहे. तिच्यापुढे दहाच्या पाच नोटा ठेवाव्यात आणि म्हणावे, “यातून छत्तीस रुपये दे.” तीन नोटा देऊन झाल्यावर सहा रुपये द्यायला तिच्याजवळ सुटे नसतात. ती एक नोट मोडून रुपयाची दहा नाणी घेते, सहा देते. उरते एक नोट आणि चार नाणी. लगेच शेजारी तीच वजाबाकी मांडून घ्यावी. नोट मोडणे म्हणजेच दशक सुटा करणे, हे तिने स्वतः म्हटले पाहिजे. मग २६ आणि १४ ही दोन्ही उत्तरे समोर ठेवून विचारावे, “कोणते उत्तर दिले तर दुकानदार बुडेल?” येथे भूमिका आणि गणित एकत्र येतात. यासाठी मेळावा लागत नाही. खेळातल्या नोटा, चार मुले आणि रोजची वीस मिनिटे पुरतात.

विज्ञानाच्या नाट्यीकरणातही असाच दोष आढळतो. वीजप्रवाह शिकवताना मुले ओळीने फिरतात, ‘घट’ झालेला मुलगा प्रत्येकाला शेंगदाणे देतो आणि ‘दिवा’ झालेली मुलगी ते घेते. खेळ मजेचा आहे. पण एखाद्या चौकस मुलाने विचारले, “दोन दिवे एकापुढे एक जोडले, तर सगळे दाणे पहिल्याच दिव्याला का देऊन टाकायचे नाहीत? पुढे दुसरा दिवा आहे हे इलेक्ट्रॉनला कसे कळले?” तर नाटक निरुत्तर होते. पहिला दिवा अधिक प्रकाशेल, या मुलांच्या मूळच्या चुकीच्या समजुतीलाच ते खतपाणी घालते. शिवाय तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्याही अपूर्णांकाने सरकतात. दिवा मात्र बटन दाबताच लागतो.

त्यापेक्षा दोरीचे वेटोळे बरे. मुले गोल उभी राहतात आणि दोरी सर्वांच्या सैल मुठींतून जाते. एकजण ती सतत ओढतो, तो घट. दोरी सगळीकडे एकदमच हलू लागते. एकाने मूठ आवळली की त्याचा तळवा तापतो आणि दोरी सर्वत्र मंदावते. दोघांनी सारख्याच मुठी आवळल्या तर ती आणखी मंदावते. पण या नाटकाआधी खरा घट, तारा आणि दोन सारखे दिवे हाती द्यावेत. काय होईल ते आधी लिहून घ्यावे, मग दिवे जोडावेत. दोन्ही दिवे सारखेच पण मंद लागतात, हे पाहिल्यावर दोरीला अर्थ येतो. शेवटी विचारावे, “दोरीचे हे नाटक कोठे फसते?” मुले कोणतेही नाटक निसर्गाची हुबेहूब प्रत समजू लागली, तर तो खेळ पाठांतराइतकाच घातक ठरतो.

प्रकल्पांविषयी तर बोलायलाच नको. थर्मोकोलचे ज्वालामुखी आणि दुकानात तयार मिळणाऱ्या प्रकल्पवह्या यांत हात लागतात ते बहुधा पालकांचे. याउलट, पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाची भूमिका पाहावी. शाळा सुटलेल्या मुलांनाही खऱ्या कामातून शिकवायचे, असा त्यांचा आग्रह होता. खऱ्या कामात चूक लपत नाही. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १ मीटर खोल टाकीत ३ घनमीटर, म्हणजे ३००० लीटर पाणी मावते. हिशेबात शून्य चुकले तर पाणीच ते सांगते. शिक्षकाला लाल शाई वापरावी लागत नाही.

मग मागे पडलेली मुले वर येतात ती कशामुळे? ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात अभ्यास झाला. मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोन तास पायाभूत वाचन आणि गणित शिकवी. दुसऱ्या वर्षाअखेर या कार्यक्रमाच्या शाळांतल्या मुलांची सरासरी प्रगती प्रमाण विचलनाच्या ०.२८ पट अधिक भरली आणि सर्वांत कच्च्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. मात्र कार्यक्रमाबाहेर पडल्यावर वर्षभरात हा लाभ सुमारे ०.१ पर्यंत घसरला. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. मूल जेथे आहे तेथून शिकवणे आणि रोज शिकवणे यांना पर्याय नाही. आणि मिळवलेले टिकवण्यासाठी पुढेही हात धरावा लागतो. वर्षातून एकदा भरणारा मेळावा यांतले काहीच करू शकत नाही.

भूमिकेचे एक सामर्थ्य मात्र मान्य केलेच पाहिजे. ज्या मुलाला वर्गात चुकण्याची लाज वाटते, तो दुकानदार होऊन बिनधास्त चुकतो, कारण ती चूक दुकानदाराची असते. गप्प बसणारे मूल बोलू लागते आणि त्याचे कोठे अडते ते शिक्षकाला दिसते. हे दिसणे फार मोलाचे आहे. पण ते पाहायला शिक्षक त्या दुकानापाशी हवा, फोटो काढण्यात गुंतलेला नको.

म्हणून कोणतीही कृती ठरवताना चार प्रश्न विचारावेत. सर्वांत कच्च्या मुलाच्या हाती नेमके कोणते काम आहे? त्याची चूक त्याला त्या कामातच कळेल का? खेळानंतर तीच गोष्ट वहीत उतरेल का? आणि आठ दिवसांनी, खेळाविना, ती त्याला येते का, हे आपण पाहणार आहोत का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अहवालांत नसते. तेथे उपस्थिती असते, उलाढाल असते, फोटो असतात. वजाबाकी न येणारा मुलगा त्या फोटोतही हसतच असतो, आणि जूनमध्ये पुढच्या वर्गात जाऊन बसतो.