भीती विरल्यानंतर

जेम्स व्हेल यांचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत झळकला, तेव्हा गोष्ट सुरू होण्याआधी एक सभ्य गृहस्थ पडद्यावर येऊन प्रेक्षकांना सावध करत असे. पुढे दिसेल त्याने धक्का बसेल, कच्च्या मनाच्यांनी विचार करावा, असा त्या निवेदनाचा रोख होता. आज ते ऐकताना हसू आवरत नाही. मोबाइलवर रोज याहून भीषण काहीतरी पाहणाऱ्या शाळकरी पोरालाही त्या सपाट डोक्याच्या राक्षसाची भीती वाटत नाही. विनोदी चित्रपटातले विनोद शिळे झाले की तो चित्रपट अडगळीत जातो. काही भयपटांचं मात्र तसं झालेलं नाही. त्यांतली भीती कधीच विरली, तरी ते पाहिले जातात, त्यांवर वाद होतात आणि नवे दिग्दर्शक त्यांच्याकडे पुन्हा वळतात. रॉबर्ट एगर्सनी २०२४ मध्ये ‘नोस्फेराटू’ केला, गियेर्मो देल तोरोंनी २०२५ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’. घाबरवणं हेच ज्यांचं काम मानलं गेलं, ते चित्रपट घाबरवेनासे झाल्यावरही का टिकले, या प्रश्नाचं रुळलेलं उत्तर मला अपुरं वाटतं.

ते उत्तर असं: जुन्या भयपटांनी दाखवलं कमी आणि सुचवलं जास्त, म्हणून ते टिकले. या म्हणण्याला पुरावा म्हणून बहुतेक वेळा व्हॅल ल्यूटन यांचं नाव पुढे येतं. आरकेओ स्टुडिओने या निर्मात्याला घातलेल्या अटी कडक होत्या. चित्रपट दीड लाख डॉलरच्या आत बसवायचा आणि त्याचं नाव स्टुडिओ ठरवणार. ‘कॅट पीपल’ हे नाव असंच वरून आलं आणि त्याखाली ल्यूटन व दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी १९४२ मध्ये एक अतिशय देखणा चित्रपट करून दाखवला. रात्री बागेच्या कडेने एक स्त्री एकटी चालली आहे. मागे दुसऱ्या पावलांचा आवाज येतो आणि मग तो थांबतो. ती घाईघाईने पुढे जाते, झाडी हलते, आणि एकदम फिस्सकारत काहीतरी अंगावर येतं. ती बस असते; दार उघडून चालक चढायचं का म्हणून विचारतो. संकलक मार्क रॉबसन यांनी हा जोड इतका नेमका साधला, की अशा खोट्या दचक्याला चित्रपटवाल्यांच्या भाषेत आजही ‘बस’ म्हणतात. पण नेमकी इथेच त्या रुळलेल्या उत्तराची अडचण सुरू होते. ही युक्ती शिकायला सोपी होती आणि सगळ्यांनी ती शिकून घेतली. गेल्या ऐंशी वर्षांत हजारो चित्रपटांनी वाकवून, वळवून तीच वापरली. ते हजारो चित्रपट आज कुठे आहेत?

न दाखवण्याच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा तडा ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्याच एका प्रसंगाने जातो. राक्षस भटकत एका तळ्याकाठी येतो. मारिया नावाची लहान मुलगी तिथे एकटीच खेळत असते. ती त्याला घाबरत नाही, हात धरून शेजारी बसवते आणि डेझीची फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं होड्यांसारखी तरंगतात, आणि बोरिस कार्लॉफ यांच्या त्या शिवलेल्या, जड चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटतं. त्याच्या हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या तळव्यांकडे पाहतो, मग मुलीकडे. तीही फुलासारखीच तरंगेल, एवढाच त्याचा हिशोब. तिला उचलून तो पाण्यात टाकतो. ती वर येत नाही, तेव्हा तो भांबावून पाणी चाचपतो आणि तिथून धडपडत पळ काढतो. यातला शेवटचा तुकडा सेन्सॉरच्या कात्रीत गेला. राक्षस मुलीकडे हात पुढे करतो आणि दृश्य तुटतं, अशाच रूपात अनेक पिढ्यांनी हा चित्रपट पाहिला. त्यानंतर दिसतो तो मुलीचं प्रेत दोन्ही हातांवर घेऊन गावातून चालणारा बाप. मध्ये काय झालं असेल ते प्रेक्षकाने आपलं आपण भरून घ्यायचं, आणि त्याच्या मनात जे भरलं जाई ते मूळ दृश्याहून कितीतरी ओंगळ असे. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला आणि राक्षस पुन्हा मुळात होता तसा अजाण झाला. म्हणजे या ठिकाणी लपवल्याने भीती वाढली आणि चित्रपट बिघडला. उघड दाखवल्यावर भीती कमी झाली आणि चित्रपट सावरला.

माझा मुद्दा इथून निघतो. टिकलेल्या भयपटांमध्ये भीती हा मुक्काम नसतो, वाट असते. ज्याला भ्यायचं त्याच्याविषयीच कणव वाटू लागते, आणि तरीही त्याला भ्यावंच लागतं. ही अडचण सुटत नाही म्हणून चित्रपट जुना होत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा उगम बीभत्सात सांगितला आहे. आतडी आणि रक्त दाखवणारे आजचे चित्रपट, न वाचताच, भरताचे एकनिष्ठ शिष्य ठरतात. हॉलिवूडच्या जुन्या मंडळींनी मात्र भयानकातून थेट करुणाकडे जाणारी वेगळीच पायवाट पाडली. कार्लॉफना या राक्षसाच्या भूमिकेत बोलण्यासाठी शब्द नव्हते. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी त्यांच्या पापण्यांवर मेणाचे थर चढवले, आणि गाल खोल दिसावा म्हणून कार्लॉफनी तोंडातली दातांची पट्टी काढून ठेवली. एवढ्या बंदोबस्तातही छपराच्या झरोक्यातून पहिल्यांदा उजेड पडतो तेव्हा तो दोन्ही हात वर करून उजेड धरू पाहतो. झरोका बंद होतो आणि त्याचे हात तसेच पुढे पसरलेले राहतात. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये तर नटही नव्हता. विलिस ओब्रायन यांनी बाहुला हलवून एकेक चौकट टिपली, आणि हाताळताना केसांवर पडलेले बोटांचे ठसे पडद्यावर थरथरताना दिसतात. तंत्र म्हणून हा दोषच. पण एम्पायर स्टेट इमारतीवर गोळ्या लागल्यावर काँग छातीचं रक्त बोटाला लावून पाहतो आणि कोसळण्यापूर्वी हातातल्या तरुणीला जपून खाली ठेवतो, तेव्हा त्या थरथरत्या केसांमुळे तो अधिकच जिवंत वाटतो.

‘कॅट पीपल’कडेही याच अंगाने पुन्हा पाहायला हवं. बसचा दचका सगळ्यांनी घेतला, आयरीना कोणीच घेतली नाही. सिमोन सिमोन यांनी उभी केलेली ही सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली तरुणी मनापासून मानते, की पुरुषाच्या जवळ गेलो तर आपण बिबट्या होऊ. ती लग्न करते आणि नवऱ्याला दूर ठेवते. नवरा चांगला आहे, समंजस आहे, आणि त्या समंजसपणातच तो तिला मानसोपचारतज्ज्ञाच्या हवाली करून कचेरीतल्या मैत्रिणीकडे सरकतो. बागेच्या कडेने चालणारी स्त्री ती हीच मैत्रीण. मागून येणाऱ्या पावलांना आपण भितो, पण ती पावलं फसवल्या गेलेल्या बायकोची आहेत हेही आपल्याला ठाऊक असतं. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात छतावर पाण्याचा उजेड हलत असतो, कुठूनतरी गुरगुर ऐकू येते, आणि दिवा लागल्यावर काठावर आयरीना शांतपणे उभी दिसते. पुढे मैत्रिणीच्या हाती तिचा झगा येतो, चिंध्या झालेला. त्या क्षणी कोणाची बाजू घ्यावी ते ठरवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप मुर्नाऊंच्या ‘नोस्फेराटू’चा, आणि तो भक्कम आहे. १९२२ च्या त्या मूकपटातला काउंट ऑर्लोक उंदरांसोबत येतो आणि गावात मरी पसरवतो. त्याच्याविषयी कणव वाटावी असं त्यात जवळपास काही नाही. मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे लेखक स्टोकर यांच्या पत्नीने कॉपीराइटसाठी खटला भरला, प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला, तरी चित्रपट वाचला आणि आज अभिजात गणला जातो. इथे माझा मुद्दा पूर्ण लागू पडत नाही हे मान्य करायला हवं. हा चित्रपट केवळ प्रतिमांच्या बळावर उभा आहे. तरी स्वतःची शवपेटी काखोटीला मारून निर्जन गल्लीतून एकटाच चाललेला ऑर्लोक आठवून पाहा. पहिल्यांदा हसू येतं, मग तेवढंच ओशाळं वाटतं. आणि वेर्नर हेर्त्सोगनी १९७९ मध्ये हीच कथा पुन्हा केली, तेव्हा मरण येत नाही म्हणून थकलेला पिशाच्च त्यांनी क्लाउस किन्स्की यांच्याकडून उभा करून घेतला. मुर्नाऊंनी मोकळी सोडलेली जागा त्यांना दिसली होती.

दुसरा आक्षेप गतकातरतेचा. लहानपणी टीव्हीवर पाहिले म्हणून लोक या चित्रपटांना चिकटून राहिले, असं म्हणतात. अमेरिकेत १९५७ मध्ये युनिव्हर्सलच्या जुन्या चित्रपटांचा ५२ नगांचा गठ्ठा ‘शॉक’ या नावाने टीव्ही केंद्रांना विकला गेला, आणि एका पिढीला भयपटांचं वेड लागलं ते त्यातून, हे खरंच आहे. पण त्या मुलांनी गठ्ठ्यातले सगळेच चित्रपट सारख्याच उत्साहाने पाहिले होते. आज त्यातले किती चित्रपट लोकांच्या तोंडी आहेत? बालपण सर्वांना सारखं लाभलं होतं, टिकले मोजकेच.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हल्लीच्या भयपटांत तर कणव ओसंडून वाहते, मग जुन्यांचं विशेष काय? प्रत्येक राक्षसाला आता दुखावलेलं बालपण असतं, प्रत्येक भुतामागे कुटुंबातलं न बोललेलं दुःख. पण दुःखाचं स्पष्टीकरण वेगळं आणि कणव वेगळी. हा फरक हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये, १९६० मध्येच, एकाच चित्रपटात दिसून गेला आहे. मोटेल चालवणारा नॉर्मन प्रेतासकट मोटार दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मध्येच थांबते. तो तोंडातलं चघळणं थांबवून इकडेतिकडे पाहतो, आणि ज्या बाईच्या मरणाने आपण नुकतेच हादरलो होतो तिची मोटार एकदाची बुडावी असं आपल्यालाच वाटून जातं. या गुन्ह्यात प्रेक्षकाला ओढून घ्यायला हिचकॉकना एकही शब्द लागला नाही. शेवटी मात्र एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून नॉर्मनच्या मनाची लांबलचक चिरफाड करतो, आणि संपूर्ण चित्रपटात तेवढाच भाग आज कंटाळवाणा होतो. अलीकडचे पुष्कळ भयपट म्हणजे त्या भाषणाचेच दोन तासांचे विस्तार. देल तोरोंचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ देखणा आहे, जेकब एलोर्डी यांचा राक्षसही विसरता येणार नाही असा आहे. पण तिथे राक्षस आपली कैफियत स्वतः सविस्तर मांडतो, निर्माता माफी मागतो, राक्षस माफ करतो. सगळा हिशोब चुकता होतो, आणि प्रेक्षकाकडे काही बाकी राहत नाही. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षसाला थोडे शब्द दिले, तेही कार्लॉफना पसंत नव्हते. आंधळ्या साधूच्या झोपडीतला प्रसंग पाहता त्यांचं ते मत पूर्ण पटत नाही, पण त्यामागची नजर अचूक होती.

आपल्याकडे भीतीतून कणवेकडे जाणारा हा प्रवास क्वचितच झाला. ‘महल’पासून ‘वह कौन थी’पर्यंत हिंदीतल्या गाजलेल्या भुतांपैकी बरीचशी शेवटी हाडामांसाची माणसं निघाली, रहस्य उलगडताच भूत संपलं आणि लोकांजवळ गाणी राहिली. रामसे बंधूंनी १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये खराखुरा राक्षस आणला, पण सामरी नुसताच दुष्ट आहे, त्यामुळे आज तो हौसेने आणि हसत पाहिला जातो. याला चटकन आठवणारा अपवाद म्हणजे राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’. नारायण धारपांच्या कथेतून त्याचं बीज आलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला त्याने जमवला. पोस्टरवर आणि चर्चेत सगळीकडे त्यातला राक्षस हस्तरच असला, तरी या चित्रपटाचं बळ हस्तरमध्ये नाही. साखळदंडात ठेवलेली, शापामुळे मरू न शकणारी आजी पाहून आधी छोट्या विनायकाइतकेच आपण हादरतो. पुढे तो मोठा होऊन परत येतो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. खजिन्याचं गुपित ती सांगते, ते केवळ जाळून सोडवावं या अटीवर. विनायक शब्द पाळतो. त्याच्या अख्ख्या आयुष्यातलं हे बहुधा एकमेव दयेचं काम, आणि तेही सौद्यातून झालेलं. दुसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. त्यात हस्तर आणखी मोठा, आणखी लखलखीत करून दाखवण्याचा मोह निर्मात्यांना होणार हे उघड आहे. त्याला पैसे लागतील, आणि या वेळी ते मिळतीलही. आजीसारखं दुसरं पात्र मात्र लिहावं लागेल.